मापाची खुर्ची

दिव्यांगांना हालचालीची साधने सरकारने द्यावीत की नाही, हा वाद भारतात केव्हाच मिटला आहे. १९८१ पासून केंद्र सरकारची ‘ॲडिप’ या नावाने ओळखली जाणारी योजना चालू आहे आणि तिच्यातून तीनचाकी सायकल, चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम हातपाय, श्रवणयंत्रे दिली जातात. त्याच्याही आधी, १९७२ साली, ही साधने बनवण्यासाठी कानपूरला ‘अलिम्को’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ पासून तिथे उत्पादन सुरू झाले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अशा योजना आखण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती सामाजिक सुरक्षेच्या कलमात घातली. मधल्या काळात, २००७ साली, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्या कराराचे विसावे कलम सांगते की दिव्यांग व्यक्तीला स्वतःला हव्या त्या पद्धतीने, हव्या त्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता आले पाहिजे. इतके सगळे कागदावर असताना मणक्याला इजा झालेला माणूस वर्षानुवर्षे घरातल्या खाटेवर का राहतो, असे विचारले की उत्तर येते: पैसा कमी पडतो. हे खरे आहे, पण अपुरे आहे. आपली अनुदानाची पद्धत वस्तू वाटण्यासाठी रचलेली आहे. ती वस्तू घेऊन माणूस कुठवर पोचला, याची नोंद तिच्या हिशेबात कुठेच होत नाही. ही रचना तशीच ठेवून नुसता पैसा वाढवला तर वाटप वाढेल, वावर वाढणार नाही. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच, आणि ते पटवायचे तर सुरुवात खुर्चीपासूनच करायला हवी.

दवाखान्याच्या दारात उभी असते ती घडीची स्टीलची खुर्ची पेशंटला वॉर्डातून एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेण्यासाठी बनलेली असते. ढकलणारे दुसरे कोणी आहे, हे तिच्या रचनेतच गृहीत असते. वजन अठरा-वीस किलो, बैठक साधारण १८ इंच रुंद, पाठ कापडाची, पुढची चाके लहान. बारीक अंगाची बाई तिच्यात बसली की दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जागा मोकळी राहते. मग ती एका अंगाला कलते, कमरेचा सांगाडा तिरपा होतो आणि त्यामागोमाग पाठीचा कणा वाकतो. चाक अंगापासून लांब पडल्यामुळे हात फाकवून रेटावे लागते. असे रोज रेटून खांदे दुखावतात, आणि पायांत बळ नसलेल्या माणसाची सगळी मदार खांद्यांवरच असते. पाय ठेवायची पट्टी उंच असेल तर गुडघे वर येतात आणि मांड्यांवर पसरायला हवा तो भार बुडाच्या दोन हाडांवर एकवटतो. कमरेखाली संवेदना नसेल तर तो भार जाणवतच नाही. दाबाखालच्या कातडीला रक्त मिळेनासे होते, काही तासांत लालसर चट्टा उठतो, वेळीच लक्ष गेले नाही तर त्याची जखम होते आणि ती हाडापर्यंत खोल जाऊ शकते. यालाच आपण बेडसोअर म्हणतो. म्हणून कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या, म्हणजे पॅराप्लेजियाच्या रुग्णाला पुनर्वसन केंद्रात पहिल्यांदा शिकवतात ते हे, की ठरावीक वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचे. त्यासाठी हाताची पट्टी योग्य उंचीवर हवी आणि खाली दाब वाटून घेणारी गादी हवी. गादी ही खुर्चीची सजावट नव्हे. अनेकांच्या बाबतीत ती खुर्चीइतकीच, कधी तिच्याहून जास्त महत्त्वाची असते, आणि अनुदानाच्या व्यवहारात तीच सगळ्यात आधी गळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनसंपत्तीच्या देशांसाठी चाकाच्या खुर्च्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. लक्षात घ्या, त्या श्रीमंत देशांसाठी नव्हत्या. त्यांत खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: माणसाची नोंद होऊन त्याला बोलावणे, त्याची तपासणी आणि गरज समजून घेणे, कोणती खुर्ची हे ठरवणे, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणे, ती अंगाला बसते का हे पाहून जुळवणे, वापरायला शिकवणे, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. आठांपैकी पैसा ही एक पायरी आहे. कोणतेही सरकार गावातल्या सगळ्यांना एकाच नंबरचे चष्मे वाटणार नाही. डोळे तपासल्याशिवाय चष्मा देणे हा अपाय आहे, हे सर्वांना कळते. बेमाप खुर्चीचा अपाय चष्म्याहून मोठा असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही आणि सावकाश होतो, म्हणून तो कुणाच्या खाती मांडला जात नाही. हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलीचे मात्र एक श्रेय द्यायलाच हवे. तिचे बरेचसे सुटे भाग साध्या सायकलीचेच असतात, त्यामुळे पंक्चर झाली, चेन तुटली, बेअरिंग गेले तरी तालुक्याच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात काम होते. खडबडीत रस्त्यावर ती लहान चाकांच्या खुर्चीपेक्षा कितीतरी बरी चालते. पण ती घरात शिरत नाही, संडासाच्या दारातून जात नाही, एसटीत चढत नाही. तिच्यावरून उतरून घरात जायचे ते सरपटत. म्हणजे बाहेरचे साधन आणि घरातले साधन या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एका माणसाला एक नग असा हिशेब केला की त्यातली एक मरते.

आता पैशाकडे येऊ. २०२२ च्या एप्रिलपासून ॲडिपच्या मर्यादा वाढल्या. महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधनाचा पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा. साधनाच्या किमतीची सर्वसाधारण मर्यादा १५,००० रुपये. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीसाठी ५०,००० रुपये. त्याआधी हेच आकडे अनुक्रमे १५,०००, २०,०००, १०,००० आणि २५,००० होते. वाढ झाली ती चांगलीच झाली. पण या मर्यादा महागाईशी बांधलेल्या नाहीत; वर्षानुवर्षे त्या जागच्या जागी राहतात आणि मग एकदम हलतात. मधल्या वर्षांत ज्याला गरज पडली त्याने काय करायचे? २५,००० च्या काळात बॅटरीच्या तीनचाकीची किंमत ३७,००० होती, म्हणून उरलेल्या १२,००० साठी खासदार निधी, आमदार निधी, एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी किंवा दानशूर व्यक्ती शोधावी लागे. म्हणजे हक्काची दोन-तृतीयांश रक्कम सरकारी, आणि उरलेली ओळखीपाळखीची. ज्याच्या गावात ओळखी वापरून काम करून देणारा कार्यकर्ता आहे त्याची गाडी येते, ज्याच्या गावात नाही त्याचा अर्ज पडून राहतो. मद्रास आयआयटीच्या पुनर्वसन संशोधन केंद्रातून पुढे आलेली, वापरणाऱ्याच्या मापाने बनवायची ‘निओफ्लाय’ ही भारतीय खुर्ची बाजारात आली तेव्हा तिची किंमत सुमारे ४०,००० रुपये होती आणि तिला पुढून जोडायच्या ‘निओबोल्ट’ या बॅटरीच्या चाकाची सुमारे ५५,०००. म्हणजे मापाची खुर्ची आता देशात बनते, परदेशातून आणावी लागत नाही. पण १५,००० ची मर्यादा तिच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.

उत्पन्नाच्या अटीतही अशीच गोम आहे. जो दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याच्या बाबतीत पालकांचे उत्पन्न धरले जाते. तिशीतल्या, लग्न न झालेल्या, कमाई नसलेल्या मुलीची खुर्ची तिच्या बापाच्या पगारावरून ठरते. बापाला महिना ३१,००० मिळत असतील तर योजनेच्या लेखी तिची गरज संपते. तेवढ्या पगारात घरभाडे, औषधे, भावंडांची शिक्षणे भागवून ४०,००० ची खुर्ची घेणे किती कुटुंबांना जमेल, हे कोणत्याही मध्यमवर्गीय वाचकाला सांगायला नको. शिवाय या रेषेवर उतरण नाही, कडा आहे. कष्टाने नोकरी मिळवलेल्या दिव्यांगाचा पगार रेषेपलीकडे गेला की अनुदान निम्म्यावरून थेट शून्यावर येते. आणि नोकरी टिकवण्यासाठी चांगल्या खुर्चीची गरज त्यालाच सर्वाधिक असते. दुसरीकडे, २०१७ साली जीएसटी आला तेव्हा चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसला. कर शून्य केला तर उत्पादकांना कच्च्या मालावरील कराची वजावट मिळणार नाही आणि आयात माल स्वस्त पडेल, असे सरकारचे म्हणणे होते. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण ज्यांना अनुदान नाकारले जाते तेच लोक बाजारातून खुर्ची घेताना हा कर भरतात, एवढे तरी मान्य करायला हवे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते, त्यांतले सुमारे ५४ लाख हालचालीचे दिव्यांगत्व असलेले. महाराष्ट्रात एकूण २९ लाखांहून अधिक, हालचालीचे साडेपाच लाखांच्या आसपास. त्यानंतर जनगणना झालेली नाही आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, म्हणजे आजचा आकडा याहून मोठाच असणार. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ॲडिपसाठी ३१५ कोटी रुपये ठेवले होते. जुन्याच जनगणनेचा आकडा धरला तरी माणशी ११८ रुपये होतात. प्रत्येकाला दर वर्षी साधन लागत नाही हे खरे, म्हणून हा भागाकार अन्यायकारक वाटेल. पण या रकमेत श्रवणयंत्रांपासून कृत्रिम पायापर्यंत सगळे बसवायचे आहे हेही ध्यानात ठेवायला हवे. २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम साधने मोफत देण्याची तरतूद करते, आणि त्याच कलमाच्या सुरुवातीला सरकारने हे सारे ‘आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत’ करावे असेही म्हणते. या एका मर्यादेमुळे कायद्याने दिलेला हक्क अंमलबजावणीत उपकारासारखा वागवला जातो. क्षमता किती हे कोण ठरवणार, आणि ती संपली हे कोणत्या कागदावर दाखवणार, याचे उत्तर कलमात नाही.

रचनेचा दोष सगळ्यात स्पष्ट दिसतो तो साधने वाटण्याच्या शिबिरात. अर्जदाराची वाट अशी असते: जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासणी आणि दिव्यांगांचे ओळखपत्र असलेले युडीआयडी कार्ड, त्यावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व, तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, फोटो, मग तपासणी शिबिर, आणि काही महिन्यांनी वाटप शिबिर. ज्याला चालता येत नाही त्याने चालण्याचे साधन मिळवण्यासाठी या सगळ्या ठिकाणी जायचे असते, बहुधा भाड्याच्या रिक्षाने, आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडवून. तपासणीच्या दिवशी शेकडो माणसे रांगेत असतात. एकेकाच्या वाट्याला मिनिटे येतात. त्या मिनिटांत बैठकीची रुंदी, मांडीची लांबी, पाठीचा तोल, घराचा उंबरठा, अंगणातला चिखल, रोज किती लांब जायचे, यांतले काय विचारून होणार? वाटपाच्या दिवशी मंडप, पाहुणे, छायाचित्रे, आणि खुर्ची घेऊन घरी. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रयागराजला झालेल्या मोठ्या शिबिरात २६,००० हून अधिक दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिकांना ५६,००० हून अधिक साधने वाटली गेली; त्यांची किंमत १९ कोटींहून जास्त असल्याचे सरकारने जाहीर केले होते. भागाकार केला तर एका साधनामागे सरासरी ३,४०० रुपयांच्या आसपास येतात. त्यांत काठ्या, चष्मे, श्रवणयंत्रे अशी स्वस्त साधने पुष्कळ होती, आणि ज्यांना ती मिळाली त्यांच्यासाठी ती मोलाचीच. पण त्या कार्यक्रमाचे यश सांगितले गेले ते नगांच्या संख्येत. सहा महिन्यांनी त्यांतली किती साधने वापरात आहेत, हे सांगणारा आकडा तितक्याच मोठ्या अक्षरांत कधी छापला जात नाही. अधिकाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. ज्या गोष्टीचा अहवाल वर पाठवावा लागतो त्याच गोष्टीकडे यंत्रणा लक्ष देते, आणि अहवालात विचारतात ते नग.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की गरीब देशाने आधी सगळ्यांना काहीतरी द्यावे, मग थोड्यांना चांगले देण्याचा विचार करावा. एका मापाच्या खुर्चीच्या पैशात साध्या चार खुर्च्या येतात. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर योजनेच्या आतूनच द्यायला हवे. याच ॲडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या बालकांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी ७ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे, आणि तिची मध्यवर्ती जबाबदारी मुंबईतल्या वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. तिथे सरकारने मशीन घेऊन आईबापांच्या हाती ठेवलेले नाही. मूल निवडण्यापूर्वी तपासण्या होतात, शस्त्रक्रिया होते, यंत्र त्या मुलाच्या कानाशी जुळवले जाते आणि नंतर दीर्घकाळ वाचा-उपचार चालतात. हे सगळे खर्चात धरलेले आहे. का? तर नुसते यंत्र बसवून मूल बोलत नाही, हे सर्वांनी मान्य केले म्हणून. तेव्हा आपल्या सरकारला मापाने, तपासून, शिकवून साधन देता येत नाही असे म्हणायला जागाच नाही. बहिऱ्या मुलांचा एक रुपयाही कमी करू नये. त्यांच्यासाठी मान्य झालेले तत्त्व न चालू शकणाऱ्या मुलांना लावावे, एवढीच मागणी आहे.

आणि स्वस्त खुर्ची खरोखर स्वस्त पडते का, हेही तपासावे. एका खोल बेडसोअरसाठी महिनोन्‌महिने ड्रेसिंग, प्रतिजैविके, कधी प्लास्टिक सर्जरी, आणि तेवढे दिवस पालथे पडून राहणे लागते. मणक्याला इजा झालेल्यांच्या मृत्यूच्या कारणांत अशा जखमांतून होणारा जंतुसंसर्ग आजही आहे. हा खर्च आरोग्य विभागाच्या खाती पडतो किंवा घरच्यांच्या कर्जात जातो, आणि खुर्चीवरची बचत मात्र सामाजिक न्याय विभागाच्या खाती दिसते. दोन खात्यांचे हिशेब शेजारी ठेवले की बचत उरत नाही. त्यात बुडालेली मजुरी, सुटलेली शाळा आणि सांभाळायला घरी बसलेली आई किंवा बायको यांची भर घाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना कोणते ना कोणते साहाय्यक साधन लागते आणि त्यांतल्या जवळपास शंभर कोटींना ते मिळत नाही. हा प्रश्न मूठभरांचा नाही. चारांना बेमाप खुर्ची देऊन त्यांतल्या दोघांनी ती माळ्यावर टाकली आणि एकाला जखम झाली, तर आपण चौघांना पोचलो असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा: महागडी साधने दिली तर लोक विकतील, एकच माणूस दोनदा घेईल. याच भीतीतून तीन वर्षांत त्याच कारणासाठी पुन्हा मदत नाही, ही अट आली आहे. फसवणूक होतच नाही असे कुणी म्हणणार नाही. पण एका माणसाला एक क्रमांक देणारे युडीआयडी कार्ड आल्यावर दुहेरी लाभ पकडणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. साधन विकले जाते याचे एक मोठे कारण ते उपयोगी पडत नाही हे असते. अंगाला बसलेली, रोज लागणारी खुर्ची माणूस सहजासहजी विकत नाही. आणि ज्यांना ही भीती खरोखर छळते त्यांच्यासाठी नॉर्वेचा मार्ग आहे. तिथे प्रत्येक परगण्यात साहाय्यक साधनांचे सरकारी केंद्र असते. साधन माणसाला उसने दिले जाते, मालकी सरकारची राहते. गरज संपली की ते परत येते, दुरुस्त होते, दुसऱ्याला मिळते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर हीच पद्धत शहाणपणाची. आपल्या योजनेने लहान मुलांसाठी तीन वर्षांची अट एका वर्षावर आणली आहे, हे योग्य केले. त्या मुलाची लहान पडलेली खुर्ची शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या मुलापर्यंत पोचवणारी व्यवस्था मात्र उभी केलेली नाही.

श्रीमंत देशांत सगळे आलबेल आहे, असा समज करून घेऊ नये. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना चाकाची खुर्ची मंजूर करते ती घराच्या आत गरज आहे का, या निकषावर. घरात भिंतीला धरून चार पावले टाकता येतात पण दुकानापर्यंत जाता येत नाही, अशा माणसाची गरज त्या निकषात बसत नाही. तिथे पैशाची टंचाई नाही; गरज कशी मोजायची हे चुकले आहे. दुरुस्तीचे हालही तिथल्या लोकांनी इतके सोसले की २०२२ साली कोलोरॅडो राज्याला बॅटरीच्या खुर्च्यांचे सुटे भाग आणि माहिती उत्पादकांनी वापरणाऱ्यांना द्यावी, असा कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून खुर्ची मिळते, आणि डिसेंबर २०१९ पासून ज्याला हवे त्याला त्या खर्चाची रक्कम स्वतःच्या पसंतीच्या खुर्चीकडे वळवून वरचे पैसे घालण्याचा कायदेशीर हक्क आहे. ही शेवटची सोय आपल्याकडे आजच करता येईल आणि तिला सरकारचा एक पैसाही जास्त लागणार नाही. १५,००० हक्काचे असतील तर ते मापाच्या खुर्चीच्या किमतीत वळते करू द्यावेत. नेमून दिलेली वस्तू घ्या नाहीतर काहीच घेऊ नका, या अटीत कोणाचेच हित नाही.

काहीजण म्हणतात, रस्ते, फुटपाथ, एसटी स्टँड धड नाहीत तोवर उत्तम खुर्ची देऊन काय साधणार? सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक असले पाहिजेत, असा निकाल दिला आहे. त्याची अंमलबजावणी व्हायलाच हवी. पण रस्ते होईपर्यंत माणसाला खाटेवर ठेवणे हा तर्क कुठेच टिकत नाही. खुर्चीत बसलेली माणसे बाजारात, शाळेत, ग्रामपंचायतीत दिसू लागतात तेव्हाच उताराची मागणी जोर धरते.

आणखी एक म्हणणे आदराने ऐकण्यासारखे आहे: हे काम स्वयंसेवी संस्था सरकारपेक्षा चांगले करतात, त्यांनाच करू द्यावे. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय आणि १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती यांचे काम जगाने वाखाणले आहे. पण ते काम यशस्वी का झाले, हे पाहायला हवे. जयपूरच्या केंद्रात माणूस येतो, त्याच्या उरलेल्या पायाचे माप घेतले जाते, पाय तिथेच घडवला जातो, चालून पाहिला जातो, खटकला तर पुन्हा तासला जातो. वस्तू स्वस्त आहे, सेवा पूर्ण आहे. पुण्यात १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकीचे जखमी जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र यांचाही धडा तोच आहे: मोजमाप, सराव, देखभाल हे सगळे एका छताखाली असले की साधन अंगवळणी पडते. सैनिकाला हे दिले पाहिजे याबद्दल कुणाचे दुमत नाही. ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरखाली सापडलेल्या मजुराला ते का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडत नाही. आणि देणगीवर चालणारी संस्था कितीही चांगली असली तरी तिच्या दारात माणूस याचक म्हणूनच उभा राहतो. नकार मिळाला तर दाद मागायला जागा नसते.

काय बदलायचे ते यातून बरेचसे आपोआप ठरते. प्रत्येक जिल्ह्यात रोज उघडे असणारे केंद्र हवे, जिथे थेरपिस्ट माप घेईल आणि मिस्त्री दुरुस्ती करील. शिबिर हे त्या केंद्रापर्यंत माणसे आणण्यापुरते असावे. किमतीची मर्यादा दर वर्षी महागाईप्रमाणे हलावी आणि तिच्यात गादी, जुळवणी, सराव, दुरुस्ती धरावी. उत्पन्नाच्या रेषेवर कड्याऐवजी उतरण हवी. प्रौढ व्यक्तीचे उत्पन्न तिचे स्वतःचेच धरावे. आणि अहवालात सहा महिन्यांनी व दोन वर्षांनी साधन वापरात आहे का, याचा रकाना असावा; हा एक रकाना आला तर बाकीच्या निम्म्या गोष्टी यंत्रणा स्वतःहून करील, असे माझे मत आहे.

दिल्लीतले नियम बदलायला वेळ लागेल. महाराष्ट्रात मात्र एक दार आजच उघडे आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून खर्च करायची आहे. पुष्कळ गावांत ती थोडी थोडी रोख वाटून संपते, किंवा वर्षाच्या शेवटी घाईने एकसारख्या वस्तूंची खरेदी होते. पुढच्या ग्रामसभेला किंवा वॉर्डसभेला गेलात तर हा विषय घ्या. गेल्या वर्षी ही रक्कम किती होती, किती खर्ची पडली, कुणाला काय मिळाले आणि त्यातले आज किती वापरात आहे, हे विचारा. गावातल्या ज्या माणसाची खुर्ची मोडून पडली आहे त्याला सोबत न्या, आणि दुरुस्तीचा खर्च याच निधीतून करण्याचा ठराव लिहून घ्या.